समजले का?



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या मंडळीत लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला जातो. मेंढपाळ, रात्र, देवदूत आणि सर्व लोकांसाठी आलेली आनंदाची बातमी. गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही दोघे लेकीकडे ऑकलंडला होतो. जावयांना तीन दिवसांची रजा मिळाली आणि आम्ही उत्तरेला ‘बे ऑफ आयलंड्स’ नावाच्या उपसागरावर फिरायला गेलो. नावाप्रमाणेच तिथे बेटेच बेटे आहेत, लहानमोठी मिळून १४४. कॅप्टन कुक १७६९ साली तिथे आला आणि त्याने हे नाव दिले. माओरी लोक मात्र त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून तिथे राहत होते आणि त्यांची स्वतःची नावे प्रत्येक बेटाला होती.

आम्ही गेलो ते समुद्र बघायला. बेळगावच्या माणसाला समुद्र म्हणजे गोवा नाहीतर कारवार, त्यामुळे लेकीला वाटले आईपप्पांना काहीतरी वेगळे दाखवावे. समुद्र पाहिला, मन भरून पाहिला. पण परत येताना मनात घेऊन आलो तो एक प्रश्न. त्या प्रश्नाविषयी हा लेख आहे.

ओइहीचा किनारा

ऑकलंडहून पायहियापर्यंत साधारण साडेतीन तासांचा रस्ता. हिरव्या टेकड्या, चरणाऱ्या गाई-मेंढ्या आणि मध्येच डोकावणारी खाडी. पहिल्या दिवशी आम्ही पायहियाला न थांबता केरीकेरीवरून पुढे एका लांब सुळक्यासारख्या भूभागावर गेलो. गाडी वर ठेवायची आणि पायवाटेने उतरत समुद्रापर्यंत जायचे. उतार बराच आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी परतीचा चढ लक्षात ठेवूनच खाली जावे.

खाली ओइही नावाचा छोटासा किनारा. एका बाजूला रंगिहौआची टेकडी. तिथे माओरींचे तटबंदीचे गाव होते आणि डोंगर कापून केलेल्या पायऱ्या अजून ओळखू येतात. गवतात एक उंच दगडी क्रूस उभा आहे, १९०७ साली बसवलेला. तिथे घर नाही, दुकान नाही. लाटा, वारा आणि क्रूस.

याच ठिकाणी २५ डिसेंबर १८१४ रोजी, रविवारी, सॅम्युएल मार्सडेन या पाळकांनी न्यूझीलंडच्या भूमीवर नाताळची उपासना घेतली. उपदेशासाठी त्यांनी निवडलेले वचन होते लूक २:१०. ज्या वचनावर आपण दरवर्षी नाताळच्या नाटिका बसवतो, तेच.

पण त्या दिवसाची सगळी तयारी केली होती ती रुआतारा या तरुण माओरी सरदाराने. रुआताराची गोष्ट आमच्या मंडळीतल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. तो देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर खलाशी म्हणून गेला, मालकांनी फसवले, मजुरी बुडवली आणि शेवटी आजारी अवस्थेत तो इंग्लंडहून निघालेल्या एका जहाजावर मार्सडेन यांना भेटला. त्यांनी त्याची शुश्रूषा केली आणि सिडनीजवळ आपल्या घरी ठेवून घेतले. तिथे तो गव्हाची शेती शिकला. गावी परतल्यावर त्याने लोकांना बी दिले. लोकांनी पेरले, पण बटाटा-रताळ्यासारखे खाली काही लागते का हे बघायला रोपेच उपटली. मुळाशी काही नाही म्हणून त्याला हसले. पुढे मार्सडेन यांनी एक हातजाते पाठवले, रुआताराने स्वतःचे गहू दळून तव्यावर पोळी भाजून दाखवली, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला आणि ते आनंदाने नाचू लागले.

तर या रुआताराने उपासनेसाठी सुमारे अर्धा एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस गुंठे जागा कुंपण घालून तयार केली. जुन्या होड्या उलट्या करून बसायला बाके केली. उपदेशकासाठी व्यासपीठही केले आणि त्यावर कापड अंथरले. शंभराव्या स्तोत्राचे गीत झाले. मग उपदेश झाला तो इंग्रजीत.

जमलेले शेकडो माओरी रुआताराला म्हणाले, हा माणूस काय बोलतो ते आम्हाला काहीच समजत नाही. मार्सडेन यांनी आपल्या रोजनिशीत रुआताराचे उत्तर नोंदवून ठेवले आहे. तो म्हणाला की आता त्याची काळजी करू नका, हळूहळू समजेल. आणि आपल्या परीने त्याने त्यांना अर्थ सांगितला.

क्रूसाजवळच्या गवतात बसून आम्ही लूक दोन मराठीत वाचला. लेकीने नंतर तोच भाग इंग्रजीत वाचला. रुआतारा त्या नाताळनंतर अवघ्या दोन-तीन महिन्यांत, मार्च १८१५ मध्ये वारला. मार्सडेन स्वतः काही संत नव्हते, ऑस्ट्रेलियात ते कठोर शिक्षा देणारे न्यायाधीश म्हणून ओळखले जात. पहिल्या माओरी माणसाचा बाप्तिस्मा झाला तो १८२५ साली. दहा वर्षांहून अधिक काळ! ‘हळूहळू समजेल’ हे रुआताराचे बोलणे खरे झाले, पण ते बघायला तो नव्हता. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेल्याशिवाय पीक येत नाही असे प्रभूने सांगितले आहे (योहान १२:२४). हा शास्त्रभाग आम्ही कितीतरी अंत्यविधींत ऐकला आहे. ओइहीला तो आम्हाला शेतीच्याच अर्थाने पुन्हा भेटला.

बेटांमधून

दुसऱ्या दिवशी सकाळी पायहियाच्या धक्क्यावरून बोट. या दिवसाविषयी फार शिकवण द्यायची नाही, फक्त देवाची स्तुती करायची आहे.

बोट निघाली की पहिल्या दहा मिनिटांत दिशा हरवते. समोर बेट, त्याच्या मागे बेट, दोन बेटांच्या फटीतून तिसरे. पाणी कुठे गडद निळे, कुठे काचेसारखे हिरवे. काही बेटांवर दाट झाडी, काहींवर गवताचे डोंगर, काही नुसतेच खडक आणि त्यांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे. किनाऱ्याच्या कड्यांवर पोहुतुकावाची झाडे लालभडक फुलू लागली होती. लांबून बघावे तर गुलमोहर. डिसेंबरात तिथे उन्हाळा असतो आणि हे झाड नेमके नाताळच्या सुमारास फुलते, म्हणून तिथले लोक त्यालाच ख्रिसमस ट्री म्हणतात. आपण इथे कापूस चिकटवून बर्फ करतो, ते टोप्या घालून समुद्रावर नाताळ करतात. प्रभू दोघांचाही.

उपसागराच्या टोकाला मोतुकोकाको नावाचा खडकाळ बेटांचा सुळका आहे. त्याला आरपार भोक पडले आहे. समुद्र शांत असेल तर बोट त्यातून जाते. आमच्या दिवशी लाटा होत्या, म्हणून कप्तानाने बोट तोंडापाशी नेली आणि वळवली. कोणी कुरकुर केली नाही. वाटेत लांबवर डॉल्फिन दिसले. पूर्वी इथे पर्यटक डॉल्फिनबरोबर पोहायचे, पण त्यांची संख्या घटत गेली. म्हणून २०२१ पासून हा भाग राखीव आहे आणि बोटींनी त्यांच्यापासून किमान तीनशे मीटर दूर राहायचे असा नियम झाला. आम्हाला ते पाठ दाखवून गेलेले काळे ठिपकेच दिसले, आणि तेवढे पुरे होते.

मग उरुपुकापुका या सर्वांत मोठ्या बेटावर उतरलो. उतरण्याआधी पिशव्या तपासून घ्यायला सांगतात. सामानातून उंदीर, घूस, मुंग्या, कुठले बी जाऊ नये म्हणून. २००९ सालापासून तिथे इथल्या मुख्य बेटांवरचे उंदीर आणि तत्सम प्राणी काढून टाकण्याचे काम झाले आणि नाहीसे झालेले पक्षी पुन्हा आणून सोडले गेले. आम्ही टेकडीवर चढलो, डबा उघडला, चपाती-भाजी खाल्ली आणि पक्ष्यांचे आवाज ऐकत बसलो. एका निष्काळजी पिशवीतून सगळे पुन्हा बिघडू शकते, म्हणून सगळेच पिशव्या तपासतात. कोणाला अपमान वाटत नाही.

संध्याकाळी पायहियात समुद्रासमोरच्या दगडी सेंट पॉल्स चर्चमध्ये प्रार्थनेला बसलो. हे चर्च हेन्री विल्यम्स यांच्या स्मरणार्थ बांधलेले आहे. इंग्लंडच्या नौदलात अधिकारी असलेला हा माणूस नोकरी सोडून १८२३ साली मिशनरी म्हणून इथे आला. याच किनाऱ्यावर १८३४ च्या अखेरीस विल्यम कोलेन्सो हा तेवीस वर्षांचा मुद्रक छापखाना घेऊन उतरला. लाकडी-लोखंडी यंत्र आले, पण बाकीचे साहित्य उघडून बघतो तर कागदच पाठवलेला नाही! इतरही बऱ्याच वस्तू नव्हत्या. तरी मिळेल त्या कागदावर त्याने फेब्रुवारी १८३५ मध्ये इफिसकरांस व फिलिप्पैकरांस ही पत्रे माओरी भाषेत छापली आणि १८३७ मध्ये संपूर्ण नवा करार.

इथे आम्हाला आपली आठवण झाली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले १८१३ साली, ओइहीच्या नाताळच्या जेमतेम दोन वर्षे आधी. लंडन मिशनचे जोसेफ टेलर आमच्या बेळगावात आले १८२० साली. जगाच्या दोन टोकांना एकाच पिढीत तेच काम चालू होते. कोणीतरी परकी भाषा शिकत होते, कोणीतरी त्याला शब्द सांगत होते, कोणीतरी खिळे जुळवत होते. आपल्या हातातले शास्त्र असे आले आहे.

एका रात्रीतले भाषांतर

तिसऱ्या दिवशी सकाळी वैतांगी. पायहियाहून पूल ओलांडला की आलेच. मोठे हिरवे मैदान, समुद्राकडे तोंड करून पांढरे लाकडी घर, बाजूला कोरीव खांबांची माओरी सभागृहाची वास्तू आणि मध्ये ध्वजस्तंभ. खाली शेडमध्ये पस्तीस मीटर लांबीची युद्धनौका ठेवलेली आहे, ती वल्हवायला किमान शहात्तर माणसे लागतात.

याच मैदानावर ६ फेब्रुवारी १८४० रोजी ब्रिटिश राणीचे प्रतिनिधी हॉबसन आणि माओरी सरदार यांच्यात करार झाला. चाळीसहून अधिक सरदारांनी त्या दिवशी सह्या केल्या, पुढे देशभरात मिळून पाचशेच्या वर. करार इंग्रजीत लिहिलेला होता. तो माओरीत कोणी करायचा? हेन्री विल्यम्स आणि त्यांचा मुलगा एडवर्ड यांनी. ४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी कागद हातात आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरदारांना वाचून दाखवायचा होता. एका रात्रीत भाषांतर.

इंग्रजी मजकुरात सरदार आपले सार्वभौमत्व राणीला देत होते. माओरी मजकुरात त्या जागी शब्द आला ‘कावानातांगा’, म्हणजे गव्हर्नरपणा, कारभार. माओरी लोकांना हा शब्द माहीत होता तो नव्या करारातून, कारण पिलात सुभेदारासाठी ‘कावाना’ हाच शब्द वापरला होता. दुसऱ्या कलमात सरदारांना त्यांच्या जमिनी, गावे आणि सर्व मोलाच्या गोष्टींवर ‘रंगातिरातांगा’ कायम राहील असे वचन दिले. आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण जिथे देवाचे राज्य येवो अशी विनंती करतो, तिथे माओरी प्रार्थनेत हाच शब्द आहे, रंगातिरातांगा.

मग ऐकणाऱ्याला काय समजले असेल? कारभार पाहायला राणीचा एक माणूस येणार, आणि आपल्या भूमीवरचे आपले राज्य आपल्याकडेच राहणार. सही करणाऱ्यांच्या हातात हा कागद होता, आणि लंडनला गेलेल्या कागदात दुसरेच काही लिहिलेले होते.

संग्रहालयात हे सगळे मांडून ठेवले आहे. आम्ही तिथे बराच वेळ उभे राहिलो, कारण तिथे कोलेन्सो पुन्हा भेटला. सह्यांना सुरुवात होणार, पहिली सही करायला होने हेके या सरदाराला बोलावले गेले, त्या क्षणी हा अठ्ठावीस वर्षांचा मुद्रक उठला आणि त्याने हॉबसनना विचारले की या लोकांना करारातला मजकूर समजला आहे असे आपल्याला वाटते का? हॉबसन म्हणाले की समजला नसेल तर तो माझा दोष नाही, मला शक्य ते सगळे मी केले आहे. कोलेन्सोने पुन्हा सांगितले की तो वाचून दाखवला हे खरे, पण त्यांना तो उमगलेला नाही. तेव्हा उत्तर मिळाले की सरदारांनीच सांगितले आहे, या गोष्टी आमच्या आकलनापलीकडच्या आहेत, आम्ही आमच्या मिशनऱ्यांच्या सल्ल्यावर विसंबतो.

सह्या सुरू झाल्या.

हे वाचून अंगावर काटा आला. सरदारांनी विश्वास ठेवला होता तो राणीवर नाही, गव्हर्नरवर नाही. ज्यांनी त्यांना शास्त्र वाचायला शिकवले, त्यांच्या शब्दावर.

हेन्री विल्यम्स यांना आम्ही दोषी ठरवणार नाही, तो आमचा अधिकार नाही. युद्ध करणाऱ्या टोळ्यांमध्ये जाऊन समेट घडवणारा तो माणूस होता. करार झाला तर बाहेरून येणाऱ्या लुटारूंपासून माओरींचे रक्षण होईल असे त्यांना मनापासून वाटत होते. त्याच दिवशी कॅथलिक बिशप पॉम्पालिए यांनी धर्मस्वातंत्र्याची हमी मागितली आणि तीही दिली गेली. इंग्लंडचे चर्च, वेस्लियन, रोमन आणि माओरींच्या चालीरीती या सर्वांना संरक्षण मिळेल असे विल्यम्स यांनीच लिहून वाचून दाखवले. आपल्यासारख्या अल्पसंख्याक लोकांना या एका वाक्याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण हेतू चांगला असला तरी शब्दाचे परिणाम व्हायचे ते होतातच. दुपारी बोटीने पलीकडच्या रसेल गावात गेलो, ज्याचे जुने नाव कोरोरारेका. तिथले लाकडी क्राइस्ट चर्च देशातले सर्वांत जुने टिकलेले चर्च आहे, १८३६ मध्ये पूर्ण झालेले. आत बाकांवर भरतकाम केलेल्या सुंदर गाद्या, बाहेर पांढऱ्या फळ्यांवर बंदुकीच्या गोळ्यांची भोके. ती १८४५ च्या लढाईची. ज्या होने हेकेने पहिली सही केली, त्यानेच गावावरच्या टेकडीवरचा ब्रिटिश ध्वजस्तंभ चार वेळा तोडला. गाव जळाले. त्या धामधुमीत विल्यम्स जखमींना मदत करत फिरत होते, तर इंग्रजांनीच त्यांना फितूर म्हटले. चर्च आणि कॅथलिकांची मातीच्या भिंतींची छापखान्याची इमारत वाचली. आवारात लढाईत मेलेल्या खलाशांच्या कबरी आहेत. आम्ही भिंतीतल्या एका भोकावर बोट ठेवले. पावणेदोनशे वर्षे झाली तरी ते बुजवलेले नाही.

त्या कराराचा वाद अजूनही संपलेला नाही. १९७५ मध्ये त्यासाठी कायमस्वरूपी न्यायाधिकरण नेमले गेले आणि २०१४ साली त्यांनी निष्कर्ष दिला की १८४० मध्ये इथल्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडून दिले नव्हते.

दोन प्रकारचे ‘न समजणे’

परतीच्या रस्त्यावर आमच्यात यावरच बोलणे चालले. ओइहीलाही लोकांना समजले नव्हते आणि वैतांगीलाही. रुआतारा म्हणाला, हळूहळू समजेल. ते चालले, आपल्याला त्याचा आनंद वाटतो. वैतांगीला तेच चालले नाही. फरक कशात?

आम्हाला वाटते तो असा. नाताळची बातमी ऐकणाऱ्याकडून काहीही घेत नाही. ज्याला आज समजली नाही, त्याचे आज काही जात नाही. देव थांबतो, दहा वर्षे थांबतो. पण ज्या शब्दाखाली समोरचा माणूस सही करणार आहे, ज्याने त्याचे काही कायमचे हातातून जाणार आहे, तो शब्द त्याला आजच समजला पाहिजे. तिथे ‘हळूहळू’ चालत नाही.

फिलिप्प धावत कूशी अधिकाऱ्याच्या रथाजवळ गेला तेव्हा त्याने पहिल्यांदा उपदेश केला नाही. त्याने विचारले की वाचता ते समजते का (प्रेषितांची कृत्ये ८:३०). आणि नहेम्याच्या काळात लेव्यांनी नियमशास्त्र नुसते वाचले नाही, लोकांना समजेल असा अर्थ सांगितला (नहेम्या ८:८). कळत नसलेल्या भाषेतल्या हजारो शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द बरे, असे पौलही लिहितो (१ करिंथ १४:१९). हा प्रश्न विचारणे ही सेवाच आहे.

आणि ही सेवा आपल्याकडे रोज असते. आमच्या पॅरिशमधले वडीलधारे लोक मराठी वाचतात, कागद येतात कानडीत आणि इंग्रजीत. बँकेचे, पेन्शनचे, दवाखान्यातले संमतीपत्र, नगरपालिकेचे. स्वयंसेवक म्हणून आमचे अर्धे काम हेच की शेजारी बसायचे आणि सांगायचे. लोक ‘होय होय’ म्हणतात, कारण आपण चर्चची माणसे आहोत. आपल्यावर विसंबतात.

आम्ही न्यूझीलंडला निघालो तेव्हा एका मावशींच्या घराचा कागद साक्षीच्या सहीसाठी आमच्याकडे आला होता. (मावशींच्या परवानगीने लिहितो आहोत.) परत आल्यावर बघू असे सांगून गेलो होतो. नवीन वर्षात मावशींकडे गेलो, कानडी चांगले येणाऱ्या मंडळीतल्या एका तरुणाला बरोबर घेतले आणि ओळीओळीने मराठीत वाचून दाखवले. शेवटी विचारले, “मावशी, समजलं का?”

“होय, समजलं की.”

मग आम्ही म्हटले, “आता तुमच्या शब्दांत आम्हाला सांगा बघू, ह्यात काय लिहिलंय?”

मावशींनी चष्मा काढला. “घर माझंच ऱ्हाणार, आन् पोरगं त्यावर बँकेतनं कर्ज काढणार.”

कागद बक्षीसपत्राचा होता. त्यात घर आजच्या आज भाच्याच्या नावावर होणार होते आणि मावशींनी तिथे राहण्याविषयी एक अक्षर नव्हते. तो तरुण आमच्याकडे बघत राहिला. आम्ही पुन्हा सांगितले, या वेळी अगदी साध्या चार वाक्यांत. मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग नको. माझ्या माघारी घेऊ दे त्याला. मी हाय तवर माझं.”

तसा दुसरा कागद वकिलाकडून करून घेतला, मृत्युपत्राचा. भाचा मुलगा वाईट नाही, त्याला खरोखरच कर्जाची नड होती आणि त्याला कदाचित वाटलेही असेल की मावशींना सगळे माहीत आहे. पण तेव्हापासून तो आमच्याशी बोलत नाही. उपासनेलाही येत नाही. मंडळीत काहींनी आम्हाला सांगितले की घरातल्या गोष्टीत तुम्ही कशाला पडलात. मावशी दर रविवारी येतात, त्यांच्या शेजारची त्याची जागा रिकामी असते. समजावून सांगण्याची किंमत असते, आणि ती अजून फिटलेली नाही.

म्हणून या आगमनकाळात आमची वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात, तुमच्या मंडळीत कोणी तुमच्या शब्दावर विसंबून सही करणार असेल, तर ‘समजलं का’ एवढ्यावर थांबू नका. त्यांच्या शब्दांत सांगायला सांगा. पाच मिनिटे जास्त लागतात. उरुपुकापुकावर पिशवी तपासतात तितकीच साधी गोष्ट आहे, आणि त्यात कोणाचा अपमान नाही.

आणि मंडळीत कोणाला अजून शुभवर्तमान समजले नसेल, तर घाई करू नका. बी पेरले आहे. उपटून मुळे बघू नका.

मननासाठी

१. माझ्या भरवशावर कोण कोण आपले निर्णय घेतात? त्यांना खरोखर समजले आहे का, हे मी कधी विचारले?

२. माझ्या घरात कोणाच्या ‘होय होय’ चा मी सोयीचा अर्थ घेतो का?

३. ज्याच्याशी सत्यामुळे दुरावा आला, त्याच्यासाठी मी प्रार्थना करतो का?

प्रार्थना

हे प्रभू, तू आमच्या भाषेत आमच्याशी बोललास, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. ज्यांनी शब्द शोधले, खिळे जुळवले, अर्थ सांगितला, त्या सर्वांसाठी तुझी स्तुती असो. आमच्या तोंडून निघणारा शब्द कोणाचे काही हिरावून घेणारा नसो. जे आमच्यावर विसंबतात त्यांच्याशी आम्हाला विश्वासू ठेव. आणि आमच्या त्या भावाचे मन हलके कर, त्याची नड तू भागव, नाताळच्या उपासनेला त्याला त्याच्या मावशींच्या शेजारी आण. येशूच्या नावात मागतो. आमेन.